तांबी कधी बसवायची: पाळीची वाट पाहण्याआधी हे वाचा

‘पाळी आली की या, मग तांबी बसवू.’ बाळ तीन-चार महिन्यांचं झालेलं असतं, बाई अंगावर पाजत असते, पाळी अजून आलेली नसते आणि हे वाक्य ऐकून ती घरी परत जाते. वाट पाहता पाहता सातवा महिना लागतो. बाळाला वरचं सुरू होतं, अंगावरचं पाजणं कमी होतं आणि एके दिवशी तिला मळमळायला लागतं. पाळी येण्याआधीच दिवस गेलेले असतात. बाळंतपणानंतर पुष्कळदा आधी बीज बाहेर पडतं आणि पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. त्या पहिल्याच बीजाला गर्भ राहिला तर मधली पाळी दिसतच नाही.

मुंबईत कुटुंबनियोजनाच्या ओपीडीत समुपदेशन करताना ही कहाणी मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती ऐकताना वाईटही वाटतं आणि रागही येतो. बाईने काळजी घेतलेली असते, ती दवाखान्यापर्यंत आलेली असते. तिला फक्त चुकीच्या कारणासाठी थांबवलेलं असतं. तांबी बसवायला चालतील असे दिवस आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात. चालणार नाहीत असे दिवस थोडे असतात, पण ते पक्के असतात. हे दोन्ही नीट कळलं तर अशी वाट पाहायची वेळ सहसा येत नाही. जिथे खरंच थांबावं लागतं तिथे तेवढ्या काळापुरतं दुसरं साधन जवळ ठेवायचं.

आधी कोणती तांबी, ते ठरवा

वेळेचे नियम साधनाप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून हे पहिलं.

सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत दोन प्रकारच्या तांब्या मोफत मिळतात. कॉपर टी ३८०ए १० वर्षं चालते आणि ३७५ ही ५ वर्षं. ‘१० वर्षांची’ म्हणजे १० वर्षं ठेवलीच पाहिजे असं मुळीच नाही. दोन वर्षांनी मूल हवं असेल तर दोन वर्षांनी काढता येते. दोन्हींत हार्मोन नसतं. तारेतलं तांबं गर्भपिशवीत हळूहळू सुटतं आणि त्यात शुक्रजंतू टिकत नाहीत. वर्षभरात १०० बायकांमागे एकीपेक्षाही कमी जणींना दिवस राहतात, इतकी ती खात्रीची आहे. दुधावर तिचा काही परिणाम होत नाही.

तिसरा प्रकार हार्मोनच्या तांबीचा. मिरेना हे त्यातलं लोकांच्या तोंडी असलेलं नाव. ती बहुधा खासगीत बसवली जाते आणि महाग पडते. पण ज्यांना मुळातच पाळीत फार रक्त जातं, हिमोग्लोबिन सतत कमी असतं, त्यांच्यासाठी ती मोलाची आहे, कारण तिने रक्तस्राव कमी होतो. तांब्याच्या तांबीने पहिले काही महिने तो वाढतो. ही निवड पैशांवर सोडण्याआधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल म्हणून कॉपर टी अजिबात चालत नाही असं नाही, पण लोहाच्या गोळ्या सोबत चालू ठेवाव्या लागतात.

लग्न झालेलं नाही किंवा मूल झालेलं नाही म्हणून तांबी चालत नाही, असा वैद्यकीय नियम नाही. नवऱ्याची सही लागते, असाही कायदा नाही. निर्णय बाईचा आणि संमतीही तिचीच.

आजच बसवता येईल का? स्वतःला विचारायचे प्रश्न

तांबी बसवताना डॉक्टरांना मुख्य खात्री एकाच गोष्टीची हवी असते, ती म्हणजे आत्ता दिवस राहिलेले नाहीत ना. पाळी चालू असणं हा त्याचा एक पुरावा झाला, पण तेवढा एकच पुरावा नसतो. पुढच्यांपैकी एक जरी गोष्ट तुमच्या बाबतीत खरी असेल आणि मळमळ, छाती जड होणं अशी लक्षणं नसतील, तर दिवस राहिलेले नाहीत असं धरून चालता येतं:

- पाळी येऊन अजून १२ दिवस झालेले नाहीत.
- गेल्या पाळीपासून आजवर संबंधच आलेला नाही.
- कंडोम, गोळ्या किंवा इंजेक्शन असं काही साधन न चुकता, नीट वापरलं जात आहे.
- गर्भपात होऊन आठवडाही झालेला नाही.
- बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, ते पूर्णपणे अंगावर पितं आहे आणि बाळंतपणानंतर पाळी आलेली नाही.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. सुरुवातीला सांगितलेली बाई नेमकी यातच बसत होती. सहा आठवडे उलटलेले, बाळ फक्त तिच्या दुधावर, पाळी बंद. तिला त्याच दिवशी तांबी बसवता आली असती.

यातलं काहीच लागू होत नसेल तर लघवीची चाचणी करतात. पण तिचीही एक मर्यादा आहे. गेल्याच आठवड्यात संबंध आला असेल तर आजच्या निगेटिव्ह चाचणीला अर्थ नाही. संबंधानंतर साधारण ३ आठवडे गेले की मगच ‘नाही’वर भरवसा ठेवता येतो. अशा वेळी कंडोम घेऊन घरी जायचं आणि पाळी आल्यावर किंवा ३ आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून यायचं. रिकाम्या हाताने परत जायचं नाही. पालिकेच्या आरोग्य केंद्रात कंडोम मोफत मिळतात, हक्काने मागून घ्या.

पाळीच्या हिशेबाने

पाळी नियमित असेल तर सगळ्यात सोयीचे दिवस म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून १२ व्या दिवसापर्यंतचे. रक्त थांबलेलं असलं तरी चालतं. पाळी चालू असताना पिशवीचं तोंड किंचित सैल असतं आणि बसवल्यानंतर लागणारे डाग पाळीतच निघून जातात, म्हणून पुष्कळ डॉक्टरांना ते दिवस आवडतात. माझ्या मते पहिल्या दोन जोराच्या दिवसांत येऊन स्वतःला अवघड करून घेण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी यावं.

१२ दिवसांनंतरही, वरच्या यादीतली एखादी गोष्ट लागू असेल तर महिन्याच्या कोणत्याही दिवशी तांबी बसवता येते. कॉपर टी बसवल्या क्षणापासून काम करते. हार्मोनची तांबी मात्र पाळीच्या पहिल्या ७ दिवसांत बसवली तरच लगेच भरवशाची असते. त्यानंतर बसवली तर पुढचे ७ दिवस कंडोम वापरायचा.

आपल्याकडे एक गोष्ट सांगायची हमखास राहून जाते. गणपतीत, नवरात्रात, घरच्या लग्नात पाळी नको म्हणून मेडिकलमधून आणलेल्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. त्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत जो रक्तस्राव होतो तो नेहमीची पाळी समजून तुम्ही तारीख सांगता आणि सगळा हिशेब चुकतो. या गोळ्यांनी दिवस राहायचे थांबतील असा भरवसा नसतो. त्या घेतल्या असतील तर ओपीडीत तसं स्पष्ट सांगा. चाचणी करून मगच पुढे जातील.

बाळंतपणानंतर: दोन दारं उघडी, मधलं बंद

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली संधी बाळंतपणातच असते. वार पडल्यावर १० मिनिटांच्या आत, किंवा सिझर असेल तर बाळ आणि वार काढल्यावर त्याच टाक्यावाटे, किंवा मग बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत. पिशवीचं तोंड तेव्हा उघडंच असतं, बाई दवाखान्यातच असते, वेगळी फेरी नको, वेगळी रजा नको. घरी परतल्यावर घराबाहेर पडणं ज्यांच्या हातात नसतं, त्यांच्यासाठी ही संधी फार मोठी आहे. एक उणी बाजूही आहे. पिशवी तेव्हा मोठी असते आणि पुढे आकसत जाते, त्यामुळे तांबी आपोआप बाहेर पडण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त असतं. म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी चुकवायची नाही. या तपासणीत दोरा (तांबीला बांधलेला, पिशवीच्या तोंडातून बाहेर राहणारा) दिसला नाही तर घाबरू नका. बाळंतपणात बसवलेल्या तांबीचा दोरा बऱ्याचदा वरच राहतो. सोनोग्राफीत तांबी जागेवर दिसली की झालं.

पाणी जाऊन १८ तासांहून जास्त वेळ गेला असेल, ताप आला असेल, पिशवीत जंतुसंसर्गाची शंका असेल किंवा बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, तर त्या वेळी बसवत नाहीत. तुम्ही आधी होकार दिलेला असला तरी. तेव्हा नाराज न होता सहा आठवड्यांनी यायचं.

हा होकार द्यायचा असतो नाव घातल्यानंतरच्या तपासण्यांमध्ये, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यापासून निवांतपणे. कळा ऐन भरात असताना कागद पुढे करून घेतलेल्या होकाराला होकार म्हणत नाहीत. नको असेल तर ‘नको’ म्हणा आणि ते केसपेपरवर लिहायला लावा. हवी असेल तरीही लिहायला लावा. आणि दवाखान्यातून घरी सोडताना कार्डावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. आपल्या अंगात तांबी आहे हे दोन वर्षांनी मूल राहत नाही म्हणून केलेल्या सोनोग्राफीत कळलेल्या बायका मला भेटल्या आहेत. हे कोणाच्याही वाट्याला येता कामा नये.

आता बंद दार. ४८ तास उलटले की सहा आठवडे होईपर्यंत तांबी बसवायची नाही. पिशवी तेव्हा मऊ असते आणि झपाट्याने आकसत असते. तांबी बाहेर पडण्याचा आणि पिशवीला भोक पडण्याचा धोका त्या काळात जास्त असतो. इथे घाई करणाऱ्याला थांबवा.

दुसरं दार सहा आठवड्यांनी उघडतं. आपला सव्वा महिना संपतो, त्यानंतर दोनेक दिवसांनीच सहा आठवडे भरतात. शिवाय बाळाची दीड महिन्याची लस त्याच वेळी असते. म्हणून माझं सांगणं असतं की बाळाच्या लसीचा दिवस तोच आपल्या तांबीचा दिवस धरा. लसीकरण आणि कुटुंबनियोजन एकाच प्रसूतिगृहात किंवा आरोग्य केंद्रात होत असेल तर एकाच फेरीत दोन्ही कामं होतात. ती फेरी हुकली तर अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी आहेतच.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल, म्हणजे तुम्ही साताऱ्याला किंवा चिपळूणला गेला असाल आणि मुंबईला तिसऱ्या महिन्यात परतणार असाल, तर दोनच रस्ते आहेत. तिकडेच सव्वा महिन्यानंतर बसवून या किंवा परतल्यावर पहिल्या आठवड्यात बसवा. नवरा भेटायला माहेरी येतोच, हे मधल्या काळात कोणी बोलत नाही. अंगावर न पाजणाऱ्या बाईचं बीज बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातही बाहेर पडू शकतं, म्हणून तिने २१ व्या दिवसापासूनच काहीतरी वापरायला हवं. पाजणाऱ्या बाईला दूध हेच संरक्षण पुरतं, पण त्याच्या तीन अटी एकत्र पाळल्या जात असतील तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि बाळ दिवसा-रात्री फक्त अंगावर. दिवसा ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त अंतर पडलं, किंवा बाटली सुरू झाली, की ते संरक्षण कमी व्हायला लागतं.

नोकरी करणाऱ्यांनी एक हिशेब मांडावा. पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची असते. म्हणजे रजा संपते तेव्हाच दुधाचं संरक्षणही संपतं आणि नेमकी त्याच आठवड्यापासून तुम्हाला ८.०२ ची लोकल पकडायची असते, पाळणाघर बघायचं असतं. त्या धांदलीत ओपीडीची रांग कोणी लावत नाही. तांबी रजेतच बसवून घ्या.

सिझर झालेल्यांनाही सहा आठवड्यांनंतर तांबी चालते. पाजणाऱ्या बाईच्या पिशवीला भोक पडण्याचा धोका जास्त असतो, पण एकूण प्रमाण हजारामागे एखादं इतकंच आहे. बसवणारे हात सरावलेले असले पाहिजेत, एवढी काळजी घ्या.

गर्भपातानंतर

गर्भपातानंतर बीज दोन आठवड्यांच्या आतही बाहेर पडतं. ‘एक-दोन पाळ्या जाऊ देत’ असं म्हणून थांबलात तर तेवढ्यात पुन्हा दिवस राहू शकतात.

पिशवी साफ करून गर्भपात झाला असेल तर त्याच वेळी टेबलावर तांबी बसवता येते, किंवा पुढच्या १२ दिवसांत. भूल दिलेली असते, तोंड उघडलेलं असतं, वेगळा त्रास नाही. तीन महिन्यांच्या पुढचा गर्भपात असेल तर ती बाहेर पडण्याची शक्यता थोडी वाढते. गोळ्यांनी गर्भपात केला असेल तर १५ व्या दिवशीच्या तपासणीत पिशवी पूर्ण रिकामी झाली असं ठरल्यावर बसवतात. तोवर कंडोम. ताप, घाण वास, ओटीपोटात जोराचं दुखणं असेल तर आधी उपचार, तांबी पूर्ण बरं वाटल्यावर.

आणखी एक, ठासून सांगते. ‘तांबी बसवणार असाल तरच गर्भपात करू’ अशी अट घालायचा अधिकार कोणालाही नाही. १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन फसल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही सांगता येतं. तांबी चांगली आहे, पण ती सक्तीने बसवलेली नको.

साधन न वापरता संबंध आला असेल

कंडोम फाटला, गोळी विसरली, काहीच वापरलं नव्हतं. मेडिकलमधली आय-पिल ७२ तासांच्या आत घ्यायची, हे आता बहुतेकींना माहीत असतं. पण संबंधानंतर ५ दिवसांच्या आत, म्हणजे १२० तासांत, कॉपर टी बसवली तर ती त्या गोळीपेक्षा किती तरी जास्त खात्रीची ठरते आणि पुढची वर्षानुवर्षांची काळजीही मिटते, हे फार कमी जणींना माहीत असतं. शनिवारी रात्री असं झालं तर सोमवार-मंगळवारची ओपीडी आरामात गाठता येते. केसपेपर काढतानाच ‘इमर्जन्सी’ हा शब्द वापरा आणि तास मोजून सांगा. यासाठी तांब्याचीच तांबी मागा.

दुसऱ्या साधनावरून तांबीवर येताना

इथे फार सांगण्यासारखं नाही. माला-एन किंवा छाया या गोळ्या, कंडोम किंवा अंतरा इंजेक्शन नीट चालू असेल तर पाळीची वाट न पाहता कोणत्याही दिवशी बसवता येते. अंतराने पाळी बंद झाली असेल तरी चालतं, फक्त पुढच्या इंजेक्शनची तारीख उलटू देऊ नका. गोळ्यांचं पाकीट मात्र मधेच टाकू नका, हातातलं पान संपवा.

मुंबईत क्षयाचे रुग्ण पुष्कळ असल्यामुळे एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन संततिनियमनाच्या गोळ्यांचा जोर कमी करतं. फुप्फुसाचा क्षय असलेल्या बाईला गोळ्यांपेक्षा कॉपर टी जास्त भरवशाची, कारण औषधांचा तिच्यावर परिणाम होत नाही. गर्भपिशवीच्या किंवा ओटीपोटातल्या क्षयात मात्र तांबी बसवायचीच नाही.

खरोखर थांबायचं कधी

दिवस असण्याची शंका असताना. पिशवीत किंवा नळ्यांत जंतुसंसर्ग असताना, पिशवीच्या तोंडातून पू येत असताना, गनोरिया-क्लॅमिडियासारखे गुप्तरोग असताना. साध्या पांढऱ्या पाण्यासाठी थांबावं लागतंच असं नाही, पण डॉक्टरांना ते दाखवा. मधेच किंवा संबंधानंतर रक्त जातंय आणि कारण कळलेलं नाही, तर आधी कारण शोधायचं, कारण तांबी बसवल्यावर तेच रक्त तांबीच्या नावावर खपतं आणि मूळ आजार मागे पडतो. गर्भाशयाचा किंवा त्याच्या तोंडाचा कॅन्सर, द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी पिशवीत द्राक्षांसारखे फुगे वाढणं), पिशवीचा आकार बदलून टाकणारी गाठ, यांत नको. गाठ लहान आणि बाहेरच्या बाजूला असेल तर चालते, ते सोनोग्राफीवर ठरतं. विल्सनचा आजार (शरीरात तांबं साठत जातं तो) असेल तर तांबं नको. स्तनाचा कॅन्सर असेल तर हार्मोनची नको.

मधुमेह, रक्तदाब, आकडी, मायग्रेन यांत तांब्याची तांबी चालते. उलट गोळ्या चालत नाहीत अशा बऱ्याच जणींना हीच सांगितली जाते.

दिवस ठरवताना

केईएम, नायर, सायन, कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालयं, सरकारी जे. जे. आणि कामा, परळचं वाडिया प्रसूतिगृह आणि वॉर्डावॉर्डातली पालिकेची प्रसूतिगृहं, इथे ही सोय आहे. भारतीय कुटुंबनियोजन संघटना १९४९ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि त्याही आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. शंभर वर्षांनंतरही रांगेत उभ्या असलेल्या बायका ‘कशासाठी आलात?’ या प्रश्नाला ‘पोट दुखतंय’ असं उत्तर देतात, याचं मला फार वाईट वाटतं. तांबीसाठी आलात तर तांबीसाठी आले म्हणून सांगा. लवकर योग्य खोलीत पोचाल.

साध्या कामासाठी मोठ्या रुग्णालयापेक्षा जवळचं प्रसूतिगृह बरं. सकाळी लवकर जा, सोबत आधार कार्ड, जुने केसपेपर, सोनोग्राफी असेल तर ती, आणि गेल्या पाळीची तारीख लिहून न्या. नाश्ता करून जा, उपाशीपोटी चक्कर येते.

लांबच्या प्रवासाच्या तोंडावर बसवू नका. गणपतीला गावी जायच्या आदल्या दिवशी बसवून रात्रीच्या एसटीत कोकणात उतरायचं आणि तिथे पहिलीच जोराची पाळी आली तर विचारायचं कुणाला? चार-सहा आठवडे आधी बसवा किंवा आल्यावर. नवरा बोटीवर किंवा आखाती देशात असेल तर तो यायच्या निदान महिनाभर आधी बसवलेली बरी, म्हणजे पहिली पाळी आणि पहिली तपासणी उरकलेली असते.

खोलीत काय होतं

आधी लघवी करून यायला सांगतात. मग पोटावर आणि आतून हात लावून पिशवी कुठे वळलेली आहे ते पाहतात. स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं साधन) लावून पिशवीचं तोंड स्वच्छ करतात, एका बारीक सळईने पिशवीची खोली मोजतात आणि नळीतून तांबी आत सोडून नळी मागे घेतात. शेवटी दोरा कापतात. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. खोली मोजताना आणि तांबी सोडताना पाळीतल्या कळेसारखी जोराची कळ येते. काहींना ती सोसण्यासारखी असते, काहींना नाही. ‘बाळंतपण सोसलंस, हे काय?’ असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. दुखलं तर सांगा, थांबायला सांगा. आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का, ते विचारून ठेवा. उठल्यावर घेरी येऊ शकते, म्हणून अर्धा तास पडून राहा आणि संध्याकाळच्या दादरच्या गर्दीत एकटीने चढू नका.

निघण्याआधी कार्ड घ्या. त्यावर तांबीचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढायची तारीख हवी. मुंबईतली माणसं लालबागहून डोंबिवलीला, तिथून विरारला घरं बदलतात आणि कार्ड कुठल्या तरी खोक्यात राहतं. फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.

पुढचे तीन महिने

डाग लागणं, पाळी दोन दिवस जास्त चालणं, ओटीपोटात दुखणं हे पहिल्या तीन महिन्यांत होतं आणि बहुतेकींचं हळूहळू कमी होतं. पॅड दर तासा-दोन तासांनी भिजत असेल तर वाट पाहू नका. पहिल्या पाळीनंतर, म्हणजे चार ते सहा आठवड्यांनी, तपासणीला जा. तांबी आपोआप पडलीच तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत, आणि तीही पाळीत. म्हणून या महिन्यांत पॅड टाकण्याआधी बघा. पाळीचा कप वापरत असाल तर ओढण्याआधी बोटाने दाबून त्याची पकड सोडवा.

ताप, घाण वासाचं पाणी, संबंधाच्या वेळी खूप दुखणं, दोरा अचानक लांब वाटणं किंवा टोचणं, पाळी चुकणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. पाळी चुकली आणि एका बाजूला दुखतंय, तर रात्र असली तरी निघा. तांबी असताना दिवस राहणं दुर्मिळ आहे, पण राहिलेच तर गर्भ नळीत असण्याची शंका आधी दूर करावी लागते.

घरातल्या मोठ्या बायका ‘ती वर चढते, काळजाला चिकटते’ असं सांगतात. तांबी काळजापर्यंत पोचत नाही. त्यांची भीती मात्र खोटी नाही. १९६५ मध्ये सरकारी कार्यक्रमात लूप, म्हणजे प्लास्टिकचं जुनं साधन, आला, तेव्हा अनेकींना तो बसवला गेला आणि नंतर रक्त जात राहिलं तरी विचारपूस झाली नाही. त्यांचं ऐकून घ्या, आणि आजची तांबी वेगळी आहे, तपासणीही होते, हे त्यांना सांगा.

गुप्तरोगांपासून आणि एचआयव्हीपासून तांबी वाचवत नाही. त्यासाठी कंडोमच.

काढायची वेळ

मूल हवं असेल तर कोणत्याही दिवशी काढता येते. त्या महिन्यापासूनच दिवस राहू शकतात, म्हणून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या काढण्याआधी एक-दोन महिने सुरू करा. मूल नको पण तांबीही नको असेल तर काढण्याच्या आधीचे ७ दिवस कंडोम वापरा किंवा पाळीत काढा. शुक्रजंतू आत पाच दिवस जिवंत राहू शकतात, आणि तांबी गेल्यावर त्यांना अडवणारं काही उरत नाही. मुदत संपली आणि पुन्हा हवी असेल तर एकाच बैठकीत जुनी काढून नवी बसवतात, मधे विश्रांतीची गरज नसते.

चाळिशीनंतर बसवलेली ३८०ए बहुतेकदा शेवटची ठरते. पन्नाशीनंतर पाळी बंद झाली तर एक वर्ष थांबून, पन्नाशीच्या आत बंद झाली तर दोन वर्षं थांबून ती काढून घ्यायची. पाळी गेली म्हणजे विषय संपला असं समजून तांबी आत तशीच विसरलेल्या बायका साठीच्या पुढेही तपासणीत सापडतात, तेव्हा आईला आणि सासूबाईंना एकदा विचारून पाहा.